मोसुकेला चौघांत घ्या

मिनोवा-सानना खुर्चीत बसलेलं मी पहिल्या तीन महिन्यांत एकदाच पाहिलं, तेही दातांच्या डॉक्टरकडे. कंपनीत ते उभेच असत. उभे म्हणजे एका जागी नव्हे. टेबलापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून शेगडीपर्यंत, शेगडीपासून माझ्या पाठीमागे. पाठीमागे आले की थांबायचे आणि माझ्या मानेवर श्वास सोडत पडद्यावरचे आकडे वाचायचे. मी म्हणायचो, "मिनोवा-सान, बसा ना जरा." ते म्हणायचे, "बसलं की डोकं चालत नाही रे." मग मला वाटायचं, ह्यांचं डोकं आणि पाय एकाच तारेवर जोडलेत बहुतेक.

आमची कंपनी चौदा माणसांची. किर्यूत, जुन्या विणकाम-शेडमध्ये, करवतीच्या दातांसारख्या छपराखाली. माग भंगारात गेले, त्यांच्या जागी टेबलं आली. पण माग उखडताना जमिनीला पडलेली भोकं कुणी बुजवली नव्हती, आणि हिवाळ्यात आकागी डोंगरावरून कोरडा वारा सुटला की ती भोकं शिट्ट्या वाजवायची. शाचो, म्हणजे आमचे मालक किझाकी, विणकराचेच चिरंजीव. बापाने कापड विणलं, ह्यांनी राक्षस विणायला घेतले.

आम्ही खेळ बनवायचो. टीव्हीला जोडायचा डबा, त्यात खुपसायची कॅसेट आणि त्या कॅसेटमध्ये एक अख्खं जग. राक्षस मारले की अनुभव साठतो, अनुभव साठला की लेव्हल चढते, लेव्हल चढली की अंगात ताकद येते. आयुष्यात असं काही होत नाही म्हणूनच लोक कॅसेट विकत घेतात, असं शाचो म्हणत. १९९४ च्या त्या वर्षी आमच्या खेळाचं नाव होतं 'नऊ खिंडी'. जग वाचवायला निघालेले आठ सोबती. पण चालायचे चारच, उरलेले चार मागच्या छकड्यात बसून राहणार. कुणाला चालवायचं आणि कुणाला बसवायचं, ते खेळणाऱ्याने ठरवायचं.

ह्या आठांच्या तोंडी काय घालायचं, ते काम हातोरी-सानकडे. बाई पस्तिशीच्या, जिभेला धार. आणि हे आठजण प्रत्येक लेव्हलला किती वाढणार, कुणाचा जीव किती, कुणाचा घाव किती, हे तक्ते मिनोवा-सानकडे. ते तक्ते कॉम्प्युटरात टाइप करायचे आणि मग दिवसभर खेळून तपासायचे, हे काम माझ्याकडे. मी ओमामाच्या टेक्निकल शाळेतून आलेला. घरी सांगितलं होतं की कॉम्प्युटरचं काम करतो. खेळतो असं सांगितलं असतं, तर आईने परत बोलावलं असतं.

मिनोवा-सान खेळांच्या धंद्यात आले ते पस्तिशी उलटल्यावर. त्याआधी अठरा वर्षं बसच्या कंपनीत. गाडी चालवत नव्हते, ड्यूट्या लावायचे. कुठल्या ड्रायव्हरबरोबर कुठली कंडक्टरीण द्यायची, हे त्यांचं काम. तापट ड्रायव्हरला थंड डोक्याची बाई, मुखदुर्बळ ड्रायव्हरला बडबडी. त्यांच्या हातून लागलेल्या जोड्यांपैकी चार जोड्यांची पुढे लग्नं झाली, हे ते चहाच्या वेळी हमखास सांगत. एका जोडीची फारकत झाली, हे हातोरी-सान हमखास विचारून काढत. मग एकट्या ड्रायव्हरच्या बसगाड्या आल्या, कंडक्टरिणी गेल्या आणि जोड्या लावणाऱ्याला काम उरलं नाही. त्यांना बसकंपनीने दोन वर्षं नुसतं बसवून ठेवलं होतं. बसणं त्यांना तेव्हापासून मानवेनासं झालं असावं. हा माझा अंदाज.

तर ह्या आठ सोबत्यांत एक होता मोसुके. हमाल. पोट सुटलेला, पाठीवर गोण. दुसऱ्याच गावात तो टोळीला मिळतो आणि मिळाल्या मिळाल्या तुमच्या लक्षात येतं की हा काही कामाचा नाही. घाव घातला तर राक्षसाला गुदगुल्या. मार खाल्ला तर आडवा. लेव्हल वीस झाली तरी तेच, तीस झाली तरी तेच.

"हे असंच ठेवायचंय?" तक्ता टाइप करताना मी विचारलं होतं.

"पुढे बघ," मिनोवा-सान म्हणाले.

पुढे अडतिसाव्या लेव्हलला आकडे एकदम उसळी घेत होते. चाळिशीला मोसुके टोळीतल्या राजपुत्राच्या पुढे जाणार होता आणि पंचेचाळीसला एका घावात डोंगर फोडणार होता.

"काही माणसं उशिरा वाढतात," ते म्हणाले आणि खिडकीकडे गेले.

फेब्रुवारीत शाचोंनी सगळ्यांना शेगडीभोवती बोलावलं. कॅसेट भरली होती. कॅसेटचं भाड्याच्या खोलीसारखं असतं. जागा ठरलेली, भिंत सरकवता येत नाही. आणि आम्ही आठ सोबती, नऊ खिंडी आणि हातोरी-सानचे लांबलचक संवाद तिच्यात कोंबायला बघत होतो. दहा दिवसांनी खेळ कारखान्याकडे धाडायचा होता.

"एक सोबती काढा," शाचो म्हणाले. "कुठला, ते मी नाही ठरवत. हे कागद ठरवतील."

कागद आमचेच. आम्ही पाच तपासणारे, प्रत्येक खिंडीच्या तोंडाशी पोचलो की त्या वेळी टोळीत कोण चौघे आहेत ते लिहून ठेवायचो. एकूण दोनशे सोळा नोंदी. मोसुकेचं नाव तीन ठिकाणी. दोन नोंदींपुढे शेरा होता, 'बोट चुकलं'. तिसरीपुढे होता, 'बघू म्हटलं. पश्चात्ताप झाला.' ही तिसरी नोंद माझी.

मिनोवा-साननी तो कागद दोन वेळा वाचला. अक्षर माझं आहे हे त्यांना कळलं असणार, पण ते नुसते चालायला लागले. खिडकी, शेगडी, टेबल, खिडकी.

"मिनोवा, भिंगरी लागलीय का?" शाचो म्हणाले. "मला पण वाईट वाटतं. पण ज्याला कुणी चौघांत घेत नाही, त्याला मी कॅसेटीत कुठे ठेवू?"

"दहा दिवस आहेत ना?"

"आहेत."

"मग नववा दिवस संपेपर्यंत त्याला हात लावू नका."

त्याच दुपारी हातोरी-सान त्यांच्याकडे गेल्या. मनाने बाई वाईट नव्हत्या, नुसत्या बोलायच्या तशा.

"मी त्याला मारते," त्या म्हणाल्या. "चौथ्या खिंडीत पूल तुटतो, मोसुके पाठीवर दोर घेऊन उभा राहतो, बाकीचे पार होतात, हा खाली जातो. मी असं लिहीन मिनोवा-सान, की देशभरात लोक टीव्हीपुढे बसून नाक पुसतील. चौथ्या खिंडीपासून पुढची त्याची सगळी जागा मोकळी. शाचोंचं काम झालं, तुमच्या हमालाचं नाव झालं."

मला वाटलं, झकास तोडगा. आमच्या धंद्यात हा जुना उपाय आहे. सोबती निकामी असेल तर त्याला मरण छान द्यायचं. मिनोवा-सान थांबले. हा माणूस थांबला की सगळ्यांच्या माना वळायच्या.

"मी शाळेत बेसबॉल खेळायचो," ते म्हणाले.

"तुम्ही?" हातोरी-सान त्यांच्या पोटाकडे बघत म्हणाल्या.

"खेळायचो म्हणजे राखीव होतो. तीन वर्षं. बॅटी पुसल्या, मैदानावर पाणी मारलं. शेवटच्या वर्षी शेवटचा सामना. आम्ही नऊ धावांनी मागे, शेवटचा डाव, दोन जण बाद. तेव्हा सरांनी मला पाठवलं. सगळीकडे तसंच करतात ना. जो कधीच खेळला नाही, त्याला हरलेल्या सामन्यात एकदा उभं करायचं. आठवण म्हणून. सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. आई रडत होती. समोरच्या पोराला पण कळलं होतं. त्याने मला फेकायचे म्हणून हलके, सरळ चेंडू फेकले. तीनही. तीन हुकले की बाद."

"मग? मारलात?"

"बॅट हलवलीच नाही."

हातोरी-साननी त्यांच्या पोटाकडे बघणं सोडलं.

"तुमचा पूल तसलाच आहे," मिनोवा-सान म्हणाले. "तो मेला की लोक रडतील आणि मग त्यांना बरं वाटेल, की बघा, आम्ही ह्याच्यासाठी रडलो. मला त्याच्यासाठी रडलेलं नको. मला त्याला चौघांत घेतलेलं पाहिजे. खेळणाऱ्याने, आपल्या बोटाने. पाठवलेलं नाही. घेतलेलं."

आणि पुन्हा चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या सगळ्यांचे कागद घरी नेले. पश्चात्तापाचा शेरा मनाला लागला होता, म्हणा. खिंडी आणि लेव्हली मांडून बसलो आणि जे दिसलं ते बघून हसावं की पळावं कळेना. पाचही जण शेवटच्या, नवव्या खिंडीत पोचलो तेव्हा आमची लेव्हल बत्तीस-तेहतीस होती. चौतीसला खेळ संपला होता. मोसुके वाढायला लागायचा अडतीसला. म्हणजे जग वाचवून, मिरवणूक काढून, सगळे घरी जाऊन जेवून झोपले, की मग हा गडी जागा होणार.

हे मी त्यांना कंपनीत सांगितलं नाही. दुपारी जेवायला उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या दुकानात नेलं. आमच्याकडचे उदोन पंचासारखे रुंद असतात, खाताना बोलता येत नाही. म्हटलं, निदान तेवढा वेळ शिव्या पडणार नाहीत. मिनोवा-सान तिथेही उभ्याने खायच्या फळीशी.

"अडतीसला कुणी पोचतच नाही, मिनोवा-सान."

"मी पोचतो."

"तुम्ही कुठे पोचता?"

"पाचव्या खिंडीत."

मी वाडगा खाली ठेवला. "पाचव्या? तिथे आम्ही बाविशीत असतो!"

"मग तुम्ही पहिल्या खिंडीखालच्या कुरणात किती वेळ काढता?" त्यांनी मला विचारलं.

"कुरणात? तिथले बेडूक मारून काय मिळतं? दहा मिनिटं."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मी देवळात चपला घालून आलोय. "मी चार दिवस काढतो," ते म्हणाले. "सगळ्यांची तयारी झाल्याशिवाय पुढे कसं जायचं?"

आता हा माणूस एरवी चार मिनिटं एका जागी बसत नाही, चहा गार व्हायच्या आत तीन फेऱ्या मारतो. पण खेळात हा चार-चार दिवस एकाच कुरणात बेडूक मारत थांबायचा, कारण मागचा एक जण अजून कच्चा आहे. आणि अख्खा देश असाच खेळतो असं धरून त्याने तक्ता केला होता. ही चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यात होणार नाही. अंगरखा शिवणारा निदान गिऱ्हाइकाचं माप घेतो. ह्याने स्वतःचं घेतलं होतं.

"कुणी एवढ्या घाईने शेवटाला जातं?" ते पुटपुटले.

"सगळेच जातात."

त्यांनी उरलेले उदोन तसेच ठेवले आणि वाऱ्यात बाहेर पडले. बिल मी दिलं.

कंपनीत परतलो तर तक्ता तयार होता. मोसुकेची उसळी अडतीसवरून चोविसावर आणली होती. "टाइप कर. शनिवारी तू आणि हातोरी-सान खेळा. मोसुकेला घेऊनच खेळायचं."

शनिवार म्हणजे आठवा दिवस. सकाळी खेळायला बसलो. पाचवी खिंड ओलांडली तेव्हा मोसुके चोविसाला पोचला आणि पुढच्याच लढाईत त्याने दगडी राक्षस एका घावात झोपवला. मी ओरडलोच. मिनोवा-सान आमच्या मागे खिडकी-शेगडी करत होते, ते धावत आले. पुढचा राक्षस, एक घाव. त्याच्या पुढचा, एक घाव. तासाभराने मी बटण दाबत होतो आणि जांभया देत होतो.

"टोळीतली वैदीण काय करतेय?" हातोरी-साननी विचारलं.

"उभी आहे. कुणाला लागतच नाही, ती औषध कुणाला देणार?"

"चोर?"

"तो पण उभा आहे."

"राजपुत्र?"

"तो तुमचं वाक्य बोलतो आणि उभा राहतो."

हातोरी-सान खुर्ची वळवून मिनोवा-सानकडे वळल्या. "आधी ह्याला कुणी घेत नव्हतं. आता हा कुणाला हात लावू देत नाही. मिनोवा-सान, हा वाढला नाहीये. हा सूड घेतोय. ह्याला टोळी कशाला लागते?"

मिनोवा-साननी पडद्याकडे बघितलं, तिथे तिघेजण हात लोंबकळत उभे होते आणि मोसुके एकटाच पुढे. मग कोट घेतला आणि गेले. रविवारी त्यांना कुणी तरी वातारासे नदीच्या बांधावर पाहिलं म्हणे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत.

सोमवार नववा दिवस, कारण शाचो रविवार मोजत नसत. मिनोवा-सान आले ते थेट हातोरी-सानच्या टेबलाशी.

"जागा सगळ्यात जास्त कशाने जाते?"

"चित्रांनी. प्रत्येक सोबत्याची घाव घालतानाची चित्रं. उगारलेला हात, मारलेला हात, परत आणलेला हात. माझ्या संवादांना उगाच बदनाम करतात."

"मग मोसुकेची ती सगळी चित्रं काढा."

"काढा म्हणजे? मग तो मारणार कसा?"

"मारणारच नाही."

मी मागे वळून बघितलं. सगळ्या शेडीने वळून बघितलं.

"एकही घाव नाही?" मी विचारलं. "अख्ख्या खेळात?"

"एकही नाही. चौघांत ज्याचा जीव सगळ्यात कमी उरलाय, त्याच्यावर घाव आला की मोसुके मधे येतो. बस. उभं राहण्याचं एकच चित्र लागतं, ते आहेच. लेव्हल चढली की तो मधे जास्त वेळा येईल आणि त्याला कमी लागेल. पहिल्यापासून थोडं थोडं. उसळी नाही." मग थोडं थांबून, "उसळी माझ्यासाठी होती," असं काहीतरी म्हणाले, पण त्याच वेळी जमिनीतल्या भोकांनी शिट्टी वाजवली आणि नीट ऐकू आलं नाही.

प्रोग्रामवाल्याने डोकं धरलं. "आठवडाभराचं काम सांगताय एका दिवसात."

"तक्ता छोटा आहे. मी बाजूला उभा राहतो."

"तेच तर नको!"

दहाव्या दिवशी दुपारी शाचो स्वतः खेळायला बसले. आम्ही सगळे मागे दाटीवाटीने उभे. मिनोवा-सान तेवढे दाराशी येरझारा घालत होते. सातव्या खिंडीपासूनचा खेळ लावला होता. शाचोंनी पहिलं काय केलं, तर मोसुकेला चौघांतून काढलं आणि छकड्यात बसवलं. त्याच्या जागी एक भालाईत घेतला.

"जो मारत नाही त्याला घेऊन काय पूजा करू?" शाचो म्हणाले.

दाराशी पावलं थांबली.

पहिली लढाई झाली. वैदीण मेली. दुसरीत ती उठवली, पुन्हा मेली. औषध देणारीच मेल्यावर राजपुत्र मेला. शाचोंनी जीभ चावली, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा वैदीण गेली. तिचा जीव मुळात एवढासा, आणि राक्षस सगळ्यात दुबळ्यावरच धावायचे, म्हणजे दर वेळी तिच्यावरच.

"हे काय लावलंय? हिच्यामागेच का लागतात?"

हातोरी-साननी मला कोपराने ढोसलं, गप्प राहा म्हणून. खरं तर मी काही बोलणारच नव्हतो.

शाचोंनी सुस्कारा सोडला. छकडा उघडला. यादीवरून बोट खाली-वर केलं, एकदा मोसुकेवरून पुढे गेलं, परत आलं. भालाईत बाहेर, मोसुके आत. पुढच्या लढाईत घाव वैदिणीवर आला आणि मधे ते पोट येऊन उभं राहिलं. काही झालं नाही. नुसता एक आकडा उमटला आणि लढाई चालू राहिली. नववी खिंड पार होईस्तोवर शाचोंनी छकडा पुन्हा उघडला नाही.

"बसतंय ना सगळं कॅसेटीत?" त्यांनी उठताना विचारलं.

"बसतंय," प्रोग्रामवाला म्हणाला. "दोन ओळींची जागा उरलीय."

"मग राहू दे हमाल. पाठवा."

मिनोवा-सान दाराशी नव्हते. ते बाहेर शेडीला फेऱ्या मारत होते. निकाल सांगायला मला त्यांच्यामागे दीड फेरी पळावं लागलं.

खेळ शरदात बाजारात आला. तुफान वगैरे काही खपला नाही, आमचे पगार निघाले. कॅसेटच्या खोक्यात एक पोस्टकार्ड घातलेलं असायचं, तुमचा आवडता सोबती कोण? चारशे बारा कार्डं परत आली. वैदीण पहिली. मोसुके अकरा मतं, आठांत सातवा. आठवा राजपुत्र, हातोरी-सानचा लाडका. हातोरी-सान दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू मतं मी मोजताना चोरली.

मिनोवा-साननी ती अकरा कार्डं बाजूला काढली. मला वाटलं, खूश होतील. ते त्रासून म्हणाले, "बाकीचे तिघे कोण होते ते कुणीच लिहिलं नाही."

"कार्डावर तसं विचारलंच नव्हतं."

"मग विचारायला पाहिजे."

आणि त्यांनी अकरा जोडकार्डं आणली, ज्यांत उत्तराचं कोरं कार्ड जोडूनच येतं, आणि उभ्याने, खिडकीच्या फळीवर, अकरांनाही लिहिलं. आपल्या टोळीत मोसुकेबरोबर कोण होतं, कृपया कळवावं. टपाल अकरा वाजता येई. ते आठपासून विचारायला लागत.

पहिलं उत्तर आकितातून आलं. सफरचंदाची बाग असलेल्या एका बाईंचं, वय अठ्ठावन्न. लिहिलं होतं, 'राजपुत्र, मोसुके, वैदीण आणि चोर. जे पहिले भेटले त्यांच्याबरोबरच मी शेवटपर्यंत गेले. छकड्यातल्यांना चौघांत घेता येतं, हे मला तुमच्या पत्रामुळे कळलं. आता कशाला बदलू?'

हातोरी-सान खो खो हसल्या. "घ्या! अकरातलं एक मत बाद. बाईंना छकडा उघडताच आला नाही. ह्याला काय चौघांत घेणं म्हणायचं?"

मिनोवा-साननी कार्ड पुन्हा वाचलं. मग उलटं करून वाचलं, मागे काहीच नव्हतं तरी. ते हसतायत की चिडलेत, मला सांगता येईना.

"शेवटाला पोचल्या तेव्हा लेव्हल किती होती, ते नाही लिहिलं," ते म्हणाले, आणि नवीन जोडकार्ड आणायला बाहेर पडलेसुद्धा.